लाल रंग शोधू नका: पहिल्यांदा कर्णा पाहायला निघताना

कर्णा (इंग्रजीत मलबार ट्रोगन) या पक्ष्याचा फोटो तुम्ही कुठेतरी पाहिलेलाच असणार. काळंभोर डोकं, छातीवर पांढऱ्या रेघेचा हार, त्याखाली भडक किरमिजी पोट, वर निळी चोच. असला पक्षी हिरव्या रानात समोर बसला तर चुकेल कसा, असं वाटतं. मलाही वाटलं होतं. तिलारीच्या जंगलात पहिल्यांदा गेलो तेव्हा आवाज अगदी जवळून येत होता आणि मी अर्धा तास पानापानांत लाल शोधत मान मोडून घेत होतो. बरोबरचे वाटाडे काका शेवटी न राहवून म्हणाले, "अहो, लाल सोडा. त्या वेलीच्या मागे फळकुट अडकल्यासारखं दिसतंय ना, ते बघा." बघितलं. फळकुटच होतं. तपकिरी, उभं, खाली सरळ कापलेलं. मग फळकुटाने मान वळवली.

नव्याने पक्षी बघू लागलेल्यांना कर्णा दिसत नाही याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. तो रानात असतो, पण आपल्याकडे पाठ करून बसलेला असतो आणि आपण फोटोतलं पोट शोधत असतो. तेव्हा घरातून निघण्याआधी एक काम करा.

१. आधी पाठ पाठ करा

कर्ण्याचे मागून काढलेले फोटो शोधा आणि तेच डोळ्यांत भरून घ्या. लांबी शेपटीसकट ३१ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे साळुंकीपेक्षा लांब; पण वजन साधारण ६० ग्रॅम, साळुंकीच्या निम्म्याच्या जवळपास. लांबीतला मोठा वाटा शेपटीचाच. पाठीचा रंग सुकलेल्या पानासारखा, तपकिरीत थोडी पिवळसर झाक. शेपटीची मधली पिसं तांबूस आणि त्यांच्या टोकाला काळा पट्टा. शेपटीचं टोक निमुळतं नसतं, करवतीने आडवं कापल्यासारखं सरळ असतं. खालून बघितलं तर बाजूच्या पिसांची पांढरी टोकं दिसतात, आणि पक्षी उडाला की तेच पांढरं क्षणभर लखलखून जातं. पंखांवर, खांद्याजवळ, काळ्यावर बारीक पांढऱ्या नागमोडी रेघा असतात. दुर्बिणीतून नीट दिसल्या तर हातमागाच्या काठासारख्या वाटतात.

हे झालं नराचं. मादीला काळं डोकं नाही, पांढरा हार नाही, लाल पोट तर नाहीच. डोकं, छाती तपकिरी आणि पोट पिकल्या पानासारखं पिवळट-नारिंगी. पंखांवरच्या रेघाही काळ्या-तपकिरी, त्यामुळे आणखी मिसळून गेलेल्या. नवखी माणसं मादीला वेगळाच पक्षी समजतात किंवा नर बघायच्या नादात तिच्याकडे लक्षच देत नाहीत. नराच्या आसपास मादी असण्याची शक्यता बरीच असते, म्हणून दोघांची पाठ ओळखता आली पाहिजे. पहिल्या वर्षातले नर मादीसारखे दिसतात, तेव्हा मध्येच कुठे गुलाबी ठिगळ दिसलं तर गोंधळू नका.

लाल दिसलं म्हणजे कर्णा असंही नाही. झाडांच्या शेंड्यांत लाल-काळा थवा भिरभिरत असेल तर ते निखार नावाचे छोटे पक्षी. ते एका जागी अर्धा मिनिटही टिकत नाहीत. कर्णा शेंड्यात सहसा जात नाही आणि भिरभिरणं त्याच्या स्वभावात नाही.

२. जागा

कर्णा सह्याद्रीचा. पूर्व घाटात आणि मध्य भारतात काही ठिकाणी आहे, पलीकडे श्रीलंकेत आहे, आणि या पट्ट्याबाहेर जगात कुठेच नाही. शास्त्रीय नोंद १७६९ मध्ये श्रीलंकेतल्या पक्ष्यावरून झाली. हार्पॅक्टेस फॅसिएटस या शास्त्रीय नावातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ पट्टेदार. भारतात त्याचे दोन भाऊबंद आहेत, लाल डोक्याचा कर्णा आणि वॉर्डचा कर्णा, पण ते हिमालय आणि ईशान्येकडचे. ग्वाटेमालाचा राष्ट्रीय पक्षी केत्साल, तो लांबलचक हिरव्या शेपटीचा, तोही याच कुळातला.

महाराष्ट्रात आंबोली, तिलारी, राधानगरी हे पट्टे सुरुवातीला चांगले. गोव्यात मोले, कर्नाटकात दांडेली आणि गणेशगुडी, केरळात डॉ. सलीम अलींच्या नावाचं थट्टेकाड अभयारण्य. श्रीलंकेला जाणं झालं तर सिंहराजा. पण नुसतं गावाचं नाव कळून भागत नाही. आंबोलीत चार दिवस राहून पठारावर आणि धबधब्याच्या कठड्यापाशी हिंडलात तर कर्णा दिसणार नाही.

त्याला हवी असते सावली. सदाहरित किंवा निमसदाहरित रान, वर छत मिटलेलं, खाली फार झुडपं नाहीत, आणि मधल्या उंचीवर मोकळी, अंधारी पोकळी. त्या पोकळीत आडव्या फांद्या आणि लोंबणारे जाडजूड वेल. गारंबीचे वेल झोपाळ्यासारखे टांगलेले असतात ना, तशी जागा दिसली की मी चालणं थांबवतो. ओढ्याकाठची रानं, जुन्या देवराया, बांबूची बेटं मिसळलेली जंगलं यांतही तो असतो. दुसरी खूण म्हणजे मेलेली झाडं. कुजून मऊ झालेले बुंधे जिथे उभे ठेवलेत तिथे कर्ण्याच्या घराची सोय आहे. ज्या रानातून वठलेली झाडं 'साफसफाई' म्हणून काढून नेली जातात, तिथे वरून सगळं हिरवंगार दिसलं तरी त्याला पिल्लं वाढवायला जागा उरत नाही.

डोळे जमिनीपासून दोन ते सहा मीटरच्या पट्ट्यात ठेवा. नवखे एकतर शेंडे बघत राहतात, नाहीतर पायाखालच्या जळवा.

३. दिवस आणि वेळ

फेब्रुवारी ते मे हा विणीचा काळ. त्यात आवाज जास्त ऐकू येतो म्हणून शोधणं सोपं, पण याच काळात आपल्यामुळे त्याला त्रास होण्याची शक्यताही सगळ्यात जास्त. त्यामुळे पहिल्या वेळेला मी डिसेंबर-जानेवारी सुचवेन. हवा कोरडी, जळवा कमी, आणि वेगवेगळ्या जातींचे पक्षी टोळी करून हिंडतात त्यात कर्णा सापडतो. पावसाळा नको. एवढ्या पावसात दुर्बीण पुसण्यातच वेळ जातो.

उजाडल्यापासूनचे दोन-तीन तास उत्तम. मात्र सकाळी दिसला नाही म्हणून दहा वाजता परत फिरू नका. बाकीचं रान दुपारी गप्प झाल्यावर दाट सावलीतून एखादी साद येते आणि तेव्हा ती ऐकायला सोपी जाते, असा माझा तरी अनुभव आहे.

सामान थोडकं पुरतं. ८ बाय ४२ ची दुर्बीण, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगांची, कारण अंधाऱ्या रानात मोठी भिंगं उजेड जास्त पकडतात. दहापट मोठं दाखवणारी घेतलीत तर हात हलला की सगळं हलतं. कपडे मातकट किंवा गडद हिरवे. पांढरा टीशर्ट घालून आलेल्या एका मित्राला आम्ही दिवसभर शेवटी चालायला लावलं होतं.

४. कान तयार करा

कर्णा म्हटलं की आपल्याला भोंगा आठवतो. हा पक्षी मात्र अगदी दबक्या आवाजाचा. घशातून आलेली, थोडी अनुनासिक "क्याऊ... क्याऊ... क्याऊ" अशी पाच-सहा सुरांची माळ. पुन्हा शांतता. पुन्हा माळ. जंगलात कुटुर्गा तासभर 'कुटूर कुटूर' करत असतो, त्याच्या गोंगाटाखाली ही साद सहज हरवते. भ्यायला किंवा चिडला की वेगळाच आवाज काढतो, बारीक "कर्रर्र", आणि त्याबरोबर शेपटी हळूच वर-खाली होते.

झेनो-कँटोसारख्या संकेतस्थळावर त्याच्या आवाजाच्या ध्वनिफिती आहेत. आठवडाभर रोज दोन-तीन वेळा ऐका. घरी. जंगलात फोनवर वाजवू नका. आवाज ऐकून नर धावून येतो हे खरं, आणि म्हणूनच वाजवू नये. आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असं समजून तो खाणंपिणं टाकून त्या न दिसणाऱ्या पाहुण्याला शोधत बसतो. तुम्ही फोटो काढून निघून जाता, मागून दुसरा गट येतो, तोही तेच वाजवतो.

आवाज आला की लगेच त्या दिशेला चालायला लागू नका. ही साद फसवी आहे. एकाच वेळी जवळून आल्यासारखी आणि लांबून आल्यासारखी वाटते, आणि पक्ष्याने नुसतं तोंड फिरवलं तरी दिशा बदलल्याचा भास होतो. जागच्या जागी उभं राहून डोकं थोडं डावी-उजवीकडे वळवत तीन माळा ऐका. मग पंधरा-वीस पावलं बाजूला जाऊन पुन्हा तीन. दोन्ही दिशा जिथे मिळतात तिथे तो असतो.

५. रान चाळायचं कसं

आता थांबा आणि दुर्बीण खाली ठेवा. सुरुवात उघड्या डोळ्यांनी. समोरच्या पोकळीतली एकेक आडवी फांदी टोकापासून टोकापर्यंत बघत जा, पुस्तकातली ओळ वाचतात तशी. तुम्हाला शोधायची आहे एक उभी गोष्ट. फांदी आडवी, पान तिरकं, आणि त्यात काहीतरी सरळ खाली लोंबतंय, ज्याचं टोक चौकोनी आहे. वाळकं पान वाटेल, झाडाची साल वाटेल. संशय आला तरच दुर्बीण लावा. दहातली नऊ वाळकी पानंच निघतील, त्याला इलाज नाही.

दुसरी रीत म्हणजे टोळीची वाट बघणं. रान शांत असतं आणि एकदम पाच मिनिटांसाठी भरून जातं. भृंगराज ओरडत पुढे येतो, त्याच्या मागे पिवळ्या भुवईचे बुलबुल, बुंध्यावरून उलटे उतरणारे शिलींध्री, नीलमणी, एखादा सुतारपक्षी. या सगळ्यांच्या हालचालींनी पानाआडचे किडे उठतात. नवखे लोक टोळीमागे धावतात, कारण दर सेकंदाला नवीन काहीतरी दिसत असतं. कर्णा हवा असेल तर धावू नका. तो या गोंधळाच्या कडेला, थोडा खाली, थोडा मागे, एका फांदीवर बसून उठलेल्या किड्यावर नजर ठेवून असतो. भृंगराज पुढे गेला की त्याने सोडलेल्या जागेत मिनिटभर बघत राहा.

६. दिसला. आता हलू नका

इथून पुढचा भाग माझ्या सगळ्यात आवडीचा आणि नेमका तोच लोक घाईत घालवतात. फोटो, अजून एक फोटो, दोन पावलं पुढे, आणि पक्षी गेला. त्याऐवजी आहात तिथेच खाली बसा आणि निदान दहा मिनिटं द्या.

पहिली गोष्ट दिसेल ती बसण्याची ढब. पाठ थोडी कुबडी, मान खांद्यात गेलेली, शेपटी सरळ खाली. तुमची चाहूल लागली की बहुधा तो पाठ तुमच्याकडे करतो. लाल पोट पलीकडे, मातकट पाठ इकडे. मग डोकं तेवढं हळूहळू मागे वळवतो, जवळजवळ पूर्ण, आणि खांद्यावरून एक डोळा तुमच्यावर रोखून बसतो. घुबडाची आठवण व्हावी असं. निळसर कातडीतला तो काळा डोळा दुर्बिणीत पहिल्यांदा दिसला तेव्हा पकडले गेल्यासारखं वाटलं होतं मला.

पाय दिसतात का बघा. सहसा नाहीच दिसणार, पोटाच्या पिसांत बुडालेले असतात. या कुळाचे पाय जगावेगळे आहेत. सुतारालाही दोन बोटं पुढे, दोन मागे असतात, पण त्याचं पहिलं आणि चौथं बोट मागे जातं. कर्ण्याच्या कुळात पहिलं आणि दुसरं मागे असतं, आणि अशी रचना दुसऱ्या कुठल्याही पक्षीकुळात नाही. पायही फार दुबळे. या कुळात पायाच्या स्नायूंचं वजन शरीराच्या जेमतेम ३ टक्के भरतं. चालणं जवळपास जमतच नाही. फांदीवर तोंड फिरवायचं झालं तरी पंखांची मदत घ्यावी लागते. म्हणून हा इतका स्थिर. त्याचा संयम आपण वाखाणतो, पण त्यात पायांचा नाइलाजही बराच आहे.

मग शिकार. डोकं इंचाइंचाने फिरत असतं, नजर पानांच्या खालच्या बाजूवर. अचानक झेप. हवेत उडणारा किडा टिपला जातो, किंवा पानासमोर क्षणभर थरथरत थांबून पानाखालची अळी उचलली जाते, आणि पक्षी परत फांदीवर, कधी त्याच, कधी शेजारच्या. चोच आखूड, रुंद, टोकाशी वाकडी, आणि तिच्या मुळाशी राठ केस. मी एकदा नराला बोटभर काडीकिडा धरून बसलेला पाहिला. किड्याचे पाय चोचीच्या दोन्ही बाजूंना बाहेर, संथपणे हलत होते. नराने तो फांदीवर दोनदा आपटला, थांबला, पुन्हा आपटला, चोचीत सरळ करून घेतला आणि गिळला. मग पाच मिनिटं काहीच नाही. सुरवंट, नाकतोडे, सिकाडा, भुंगेरे असं सगळं त्याला चालतं, कधीमधी फळही. पण रंग मारून घेतलेल्या काडीसारखा दिसणारा, सगळ्या जगाला फसवणारा काडीकिडा याच्या डोळ्यातून सुटत नाही याची मला मौज वाटते. न हलणाऱ्याला न हलणारा बरोबर सापडतो.

पिसं फार मऊ, दाट आणि सैल. या कुळातल्या पक्ष्यांची कातडी इतकी पातळ असते की संग्रहालयांसाठी नमुने तयार करणाऱ्यांचा त्यांच्यावर जुना राग आहे. हात लागला की पिसं गळतात आणि कातडी फाटते. जखमी कर्णा कधी सापडलाच तर उचलून कुरवाळू नका. हवेची भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा आणि वनखात्याला कळवा.

७. घरटं दिसलं तर

दिसू नये अशीच इच्छा धरा, निदान पहिली काही वर्षं. नर-मादी दोघं मिळून कुजलेल्या बुंध्यात चोचीने पोकळी करतात, फार उंचावर नाही. लाकूड बोटाने चुरा होईल इतकं मऊ असतं, आणि तरी ते काम आठवडेच्या आठवडे चालतं. सुताराची घणासारखी चोच यांच्याकडे नाही. आत गवत-बिवत काही नाही, तळाशी भुसा तेवढा. बहुधा दोन अंडी, दोघं आळीपाळीने बसतात, सतरा ते एकोणीस दिवसांत पिल्लं. उडायला लागल्यावरही पिल्लं काही महिने आईबापांबरोबर असतात, त्यामुळे उन्हाळा सरताना तीन-चारजण एकत्र दिसले तर ते कुटुंब समजा.

चोचीत अळी धरून पक्षी तुमच्याकडे बघत नुसता बसलाय, 'कर्रर्र' करतोय, शेपटी हलवतोय आणि अळी खात नाही, तर घरटं जवळ आहे आणि तुम्ही वाटेत आहात. आल्या पावली मागे जा. एवढ्या मऊ बुंध्याला टेकून उभं राहिलं तरी तो मोडू शकतो. घरट्याची जागा कुणाच्या गटात टाकू नका, ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवताना ढोबळ ठिकाण द्या. दुसऱ्या दिवशी पंधरा कॅमेरे उभे राहिलेले मी पाहिलेत.

८. नोंद

वहीत 'कर्णा, १ नर' एवढंच लिहून थांबू नका. उंची किती, फांदी कशी, वेळ, टोळीबरोबर होता की एकटा, काय खाल्लं, आणि आपल्याकडे तोंड होतं की पाठ. हे शेवटचं मी गंमत म्हणून लिहू लागलो. आता जुन्या वह्या चाळल्या की 'पाठ' हा शब्दच जास्त वेळा भेटतो.

बघून झालं की उठताना घाई करू नका. आधी बसल्या जागेवरूनच मान वळवून आपल्या मागची फांदी बघा. जोडीतला दुसरा पुष्कळदा तिथे असतो, आणि तो तुम्ही आल्यापासून तुम्हाला बघत असतो.